नोकरी सोडू नकोस, वही वेगळी ठेव

प्रिय पोरी,

परवा तलावपाळीवर तू म्हणालीस, सर पेपर सोडते, दिवसभर महापालिकेच्या बातम्या टाकून रात्री कादंबरीचं एक पानसुद्धा होत नाही. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, घरी येऊन झोप लागेना म्हणून लिहितोय.

अरुण साधूंचं बघ ना. परतवाड्याचा माणूस, मुंबईत इंग्रजी पेपरांत रिपोर्टिंग करत होता, आणि त्याच धबडग्यात 'मुंबई दिनांक' ही कादंबरी लिहिली, मग १९७७ ला 'सिंहासन'. जब्बार पटेलांनी १९७९ ला पिक्चर काढला तो या दोन्हींवरून, त्यातला निळूभाऊ फुलेंचा पत्रकार दिगू टिपणीस तू बघितलायस. खुर्चीसाठी चाललेली ती सगळी ओढाताण घरी बसून सुचणारी नाही गं, त्यासाठी तिथे रोज ताटकळावं लागतं. पण मला विचारशील तर आधी त्यांची 'झिपऱ्या' वाच. स्टेशनवर बूटपॉलिश करणारी पोरं, ज्यांना ओलांडून आपण सगळे ८:१२ ची फास्ट पकडायला पळतो, त्यांच्यावर अख्खी कादंबरी! साधूंनी नंतर पुणे विद्यापीठात पत्रकारिता शिकवली, २००७ ला नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले, पण बातमीदाराची नजर शेवटपर्यंत.

माझंच सांगतो. ठाण्याजवळच्या दिवा गावात पाण्याची बातमी करायला गेलो होतो, टँकर चार तास लेट, मी आकडे घेतले, दोन बायकांचे कोट घेतले, निघालो. निघता निघता बघतो तर एक बाई हंडा भरायच्या आधी पाइपचं तोंड पदराने पुसत होती, अगदी सावकाश, मागे एवढी रांग ओरडतेय तरी. बातमीत ते बसलं नाही, मी पण कुठे लिहून ठेवलं नाही. आता तिचा चेहरा आठवत नाही, पदराचा रंग आठवत नाही, ती काही बोलली का तेही नाही. तीस वर्षांत असं किती गेलं असेल माझ्या हातून, त्याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, एक वही वेगळी कर, ऑफिसची नाही. महासभा संपली की डेस्कला कॉपी टाक आणि ट्रेनमध्ये बसून जे छापून येणार नाही तेवढंच लिही, चार ओळी झाल्या तरी चालेल. मोबाइलवर नको, हातानेच. कादंबरी कादंबरी करू नकोस इतक्यात.

रविवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात ये, मी अकराला तिथेच असतो. वही आण, भरलेली असो नसो.

तुझा,
सर