म्युनिकला येताय, तर आधी मुलीची इयत्ता बघा

नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागली आहे, जानेवारीत पुण्याहून निघायचं आहे, मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. घर, सामान, शाळा, एकटेपणा, याबद्दल तिथे राहणाऱ्या कुणीतरी खरं सांगा, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाचे फॉर्म, ब्लू कार्डाची, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्याची, पगाराची अट, विम्याचे प्रकार हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे, ते मी परत लिहीत बसत नाही. आम्ही सांगलीचे. जर्मनीच्या याच राज्यात, बव्हेरियात आहोत, आधी एका लहान शहरात होतो, आता म्युनिकच्या बाजूला. मुलगी तिसरीत आहे हे वाचलं आणि तुमचे बाकीचे प्रश्न माझ्यासाठी मागेच पडले. म्हणून शाळेपासून सुरू करते.

बव्हेरियात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते. चौथीच्या वर्षात, मे महिन्याच्या सुरुवातीला, मुलांना युबरट्रिट्सत्सोयग्निस नावाचं प्रमाणपत्र मिळतं, पाचवीपासून कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ते त्यावरून ठरतं. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी त्यावर असते. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत रेआलशूले, त्यापुढे मिटेलशूले. गिम्नाझियुममधून थेट विद्यापीठाचा रस्ता आहे, बाकी दोन्हींतून वळसा घालून जावं लागतं. सरासरी तेवढी चांगली आली नाही तर गिम्नाझियुमला तीन दिवसांचा चाचणी-वर्ग देता येतो, पण तिथेही जर्मन आणि गणितच तपासतात, आणि गणिताची शाब्दिक उदाहरणंही जर्मनमध्येच असतात. दहा वर्षांच्या मुलांची अशी वाटणी करणं मला आजही पटत नाही. इथल्या अनेक जर्मन आयांनाही पटत नाही. पण पद्धत ही आहे.

माझा मुलगा तिसरीच्या मध्यावर इथल्या वर्गात बसला. सांगलीत सेमी इंग्लिशला होता, हुशार, गणितात तर सगळ्यांच्या पुढे. चौथीच्या मे महिन्यात त्याच्या कागदावर गणित १, परिसर ३, जर्मन ४ असं आलं. बेरीज आठ, सरासरी २.६६. रेआलशूले.

त्याचा जलचक्राचा पेपर मी अजून जपून ठेवलाय. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, डोंगरावरचा पाऊस, जमिनीत मुरणारं पाणी, सगळं चित्र त्यानं बरोबर काढलंय, शिसपेन्सिलीनं छान छटा देऊन. नावं लिहायच्या रेघा मात्र रिकाम्या. एका रेघेवर त्यानं देवनागरीत ‘बाष्पीभवन’ लिहिलंय. त्यावर लाल शाईची आडवी रेघ, आणि गुण शून्य. त्या मुलाला सगळं येत होतं हो. जर्मनमध्ये सांगता येत नव्हतं, एवढंच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते सांगते. ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांच्यासाठी बव्हेरियाच्या प्राथमिक शाळांच्या नियमावलीतच सवलत आहे. जर्मनमधली उणीव परकी भाषा असल्यामुळे आहे आणि ती भरून निघेल, असं शाळेचं मत झालं, तर ३.३३ पर्यंत सरासरी असली तरी शाळा गिम्नाझियुमची शिफारस करू शकते. आमच्या शाळेनं हे आम्हाला सांगितलंच नाही. वर्गशिक्षिका समोर बसल्या, कागद पुढे सरकवला, रेआलशूले चांगली असते, मुलावर ताण येत नाही म्हणाल्या, आणि भेटीची वेळ संपली. आम्ही मान डोलावून घरी आलो. त्या नियमाचं मला कळलं ते काही वर्षांनी, एका तुर्की शेजारणीकडून. तिनं आपल्या मुलीसाठी तो नियम छापून नेला होता आणि टेबलावर ठेवून शिफारस मागितली होती. तिला मिळाली.

मुलगा आता रेआलशूले संपवून फाखओबरशूलेत आहे. तिथून पुढे उच्च शिक्षणाला जाता येतं, इथली दारं कायमची बंद होत नाहीत, हे मला माहीत आहे. तो आनंदात आहे, मित्रांबरोबर फुटबॉल खेळतो, बव्हेरियन बोली बोलतो. माझाच राग जात नाही. त्या भेटीत मी काय काय म्हणू शकले असते, याची वाक्यं अजून रात्री डोक्यात तयार होतात, आणि आता जर्मनमध्ये होतात.

म्हणून जमत असेल तर जानेवारीत मुलीला आणू नका. नवऱ्याला पुढे जाऊ दे. तुम्ही दोघी ऑगस्टमध्ये या, कारण इथली शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते. आल्यावर तिला चौथीत नाही, तिसरीत घाला असं स्वतःहून शाळेला सांगा. सासरचे, माहेरचे सगळे म्हणतील, पोरीचं वर्ष वाया घालवलंत. म्हणू देत. जानेवारीत येऊन थेट तिसरीत बसली तर त्या मे महिन्यापर्यंत तिच्याकडे जेमतेम सव्वा वर्ष राहतं. एखाद्या भाषेत बाजारहाट करण्याइतकं बोलायला ते पुरेसं आहे, त्या भाषेत परीक्षा द्यायला नाही. शाळेनं ‘डॉइचक्लासे’ सुचवला, म्हणजे नवीन आलेल्या मुलांचा भरपूर जर्मनचा वेगळा वर्ग, तर अपमान मानू नका, पण तिथून नेहमीच्या वर्गात कधी पाठवणार हे आधी विचारून घ्या. आणि पहिल्याच भेटीत त्या सवलतीबद्दल लेखी विचारा. तोंडी विचारलेलं इथे विचारलं नाही असं धरतात.

घर आणि शाळा या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या धरल्यात, त्या इथे एकच आहेत. सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, निवडता येत नाही. शाळा साधारण बारा-एकच्या सुमाराला सुटते, पुढच्या वेळेसाठी मिटाग्सबेट्रॉयुंगची, म्हणजे दुपारी मुलं सांभाळायच्या सोयीची, जागा लागते आणि तिला प्रतीक्षायादी असते. तुम्ही स्वतः नोकरी करणार असाल तर घर बघायच्या आधी ही यादी बघा. घरांचं थोडक्यात: तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागतात, आणि पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती खोली असते, ओटा, सिंक, कपाटं काही नाही. जाहिरातीत स्वयंपाकघराचा उल्लेख नसेल तर ते नाही असं समजा.

घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, हे तुम्ही वाचलंच असेल. न वाचलेली गोष्ट पत्रपेटीची. इथे फ्लॅट नंबर नसतात. इमारतीच्या दारावरच्या बेलवर आणि खालच्या पत्रपेटीवर आडनाव असतं, पोस्टमन ते बघून पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आणि इथलं सगळं पत्रानं येतं: कराचा क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, शाळेची नोटीस. किल्ली मिळाल्या मिळाल्या कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीला चिकटवा, सामान मग लावा.

नावाचं आणखी एक. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात पुष्कळदा मधलं नावही असतं. बायकोच्या नावात नवऱ्याचं, मुलीच्या नावात वडिलांचं. इथे ती दोन्ही तिचीच नावं धरतात. शाळा, विमा, बँक, सगळीकडे पासपोर्टात आहे तस्संच लिहा, एकही अक्षर कमी नको. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं की ती दोन वेगळी माणसं होतात आणि ती एकच आहे हे सिद्ध करण्यात महिने जातात.

राहण्याच्या परवान्याबद्दल एवढंच सांगते की मुदत संपण्याच्या खूप आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका आणि फिक्त्सियोन्सबेशायनिगुंग, म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला, मागून घ्या. वेळेत अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू राहतो असा कायदा आहे, पण विमानतळावर दाखवायला हातात कागद लागतो. आमचा अर्ज वेळेत होता. कार्यालयाकडून भेटीची तारीखच येईना, मेलला उत्तर येईना, फोन वाजत राहायचा. त्याच काळात मिरजेला बाबांची बायपास झाली. मी निघाले असते तर परत यायला कागद नव्हता, आणि इथे मुलगा होता. मी गेले नाही. भाऊ ऑपरेशन थिएटरच्या बाहेरून व्हिडिओ कॉल करायचा, मागे डेटॉल आणि चहाच्या कपांची ट्रॉली दिसायची. कागद आला तेव्हा बाबा घरी येऊन अंगणात फिरायला लागले होते. ते मला यावर एक अक्षर कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

आई-बाबांना बोलवायचं तर शेंगेनचा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. मे महिन्यात बोलवा. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हातारी माणसं बागेत बसतात, भाषा येत नसली तरी एकमेकांकडे बघून हसतात. हिवाळ्यात बोलावलंत तर खिडकीत बसून परतीची तारीख मोजतील.

तुम्ही भारतात कधी जाऊ शकाल, हेही शाळाच ठरवते. इथे शाळा सक्तीची आहे. चुलतभावाचं लग्न किंवा आजीचं वर्षश्राद्ध, यासाठी आठवडाभर रजा मिळेल असं गृहीत धरू नका. सुट्टी लागायच्या आधीच्या दिवसांत काही विमानतळांवर पोलिस शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांना विचारतात, आणि परवानगी नसेल तर दंड होऊ शकतो. म्हणजे ऑगस्टमध्ये जायचं, तिकिटं सगळ्यात महाग असतात तेव्हा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आठवडाभराची सुट्टी असते, दिवाळी त्यात सापडली तर नशीब. दिवाळीला घरी जायचं म्हणून मी दर वर्षी आधी पंचांग आणि शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघते.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. पहिल्या नोव्हेंबरात, साडेचारलाच काळोख पडायला लागतो तेव्हा येतो. भाषेच्या वर्गाला जा, रोज चाला, मंडळाच्या गणपतीला आरतीच्या वेळी जाऊन उभ्या राहा. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

सामान: कुकर आणि त्याच्या जास्तीच्या रिंगा, मिक्सर, घरचं मेतकूट, गोडा मसाला. डाळी, तांदूळ, पीठ इथे मिळतं, त्यासाठी किलो घालवू नका. मुलीची मराठी पुस्तकं आणा, जेवढी आणता येतील तेवढी. जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला मूळ प्रतींत आणा. भारताचा अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून त्यावर मारतात तो सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, तेव्हा कुणी एजंट पैसे घेऊन तो करून देतो म्हणाला तर आधी ज्या कार्यालयाला दाखला हवा आहे त्यालाच काय चालेल ते विचारा.

शाळेशी भेटीची तारीख ठरली की मला कळवा. त्या ३.३३ च्या नियमाचा जर्मन मजकूर माझ्याकडे छापलेला आहे, मी पाठवते. तुम्हाला चालत असेल तर भेटीच्या वेळी फोनवर राहीन, किंवा सकाळची भेट असेल तर स्वतःच येईन.