कुत्रा गेला म्हणून सुट्टी टाकू का? एका मस्टरवालीचं उत्तर

एका मुलीने मला लिहून विचारलं आहे, आधी हिचा प्रश्न थोडक्यात सांगते. हिचा गब्बर, 11 वर्षांचा गावठी, रविवारी रात्री किडनीने गेला. ही नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत नाइट शिफ्टला, नोकरीला 4 महिने झाले, पहाटे साडेतीनला कॅब सोडते तेव्हा तो गेटवर उभा असायचा. सोमवारी शिफ्टला गेली, दोनदा वॉशरूममध्ये जाऊन रडून आली, आणि आता विचारून राहिली की सुट्टी मागू का, टीएल (टीम लीडर) हसेल का, की सरळ "आजी वारली" सांगून 3 दिवस मोकळी होऊ.

बेटा, आजीला राहू दे.

मी 22 वर्षं एका खासगी कंपनीत आस्थापना सांभाळली, म्हणजे मस्टर, रजा, पगारपत्रक सगळं माझ्याच टेबलावर. लोक कोणाकोणाला मारतात ते मला विचार. आमच्याकडे एक जण होता, त्याने कुठल्याशा लग्नासाठी आजोबांना वारलं सांगितलं, 3 दिवसांची रजा घेतली, मी रजिस्टरला "आजोबा (वडिलांकडील) निधन" असं लिहून टाकलं. दोन वर्षांनी त्याचे आजोबा खरंच गेले. तो बिचारा माझ्या टेबलासमोर उभा, डोळे लाल, आणि माझ्या हातात ते रजिस्टर. मी काही बोलली नाही, वैयक्तिक कारण म्हणून सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, लावून दिली, पण त्याला खाली मान घालून जाताना पाहिलं ते अजून आठवते. त्यात आणखी एक, खोटं सांगितलं की लोक भेटायला येतात, वय किती होतं, काय झालं होतं, तेरवी कधी, सगळं विचारतात, आणि तुला रडायचं गब्बरसाठी असते आणि बोलावं लागते आजीबद्दल. एवढी डबल ड्यूटी या आठवड्यात तुला झेपणार नाही.

आता रजेचं. आपल्याकडे कुत्र्या-मांजरासाठी वेगळी रजा नाही हे खरं, पण घरचं माणूस गेलं तरी वेगळी शोक-रजा द्यायलाच पाहिजे असं दुकाने आणि आस्थापना कायद्यात कुठे नाही, ते कंपनी आपल्या पॉलिसीत देते तेवढंच, आणि त्या पॉलिसीत आई-वडील, नवरा-बायको, मुलं अशी यादी असते. त्या यादीत गब्बरला घुसवायला जाऊ नको, तिथे वाद होतो आणि वादात तू हरतेस. तू तुझ्या खात्यातली सीएल वापर. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला 8 दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे, ती तिमाहीने जमा होते, म्हणजे दर तीन महिन्यांना 2. ईएल, म्हणजे अर्जित रजा, तुला आत्ता नाही मिळणार, त्याला वर्षात 240 दिवस काम भरावं लागते, मग 20 दिवसांमागे 1 अशी बसते. तुझी कंपनी या कायद्यात येते की आणखी कशात, आणि प्रोबेशनवर काय देतात, हे ऑफर लेटरमध्ये किंवा पोर्टलवर दिसेल, आधी बॅलन्स बघ. 4 महिने झाले म्हणजे 2 तरी असायला पाहिजे. आणि या सीएल वर्ष संपलं की जातात, पुढे जमा होत नाहीत, तेव्हा जपून ठेवून त्याचं लोणचं घालायचं नाही.

सीएलला कारण लागते ते एका ओळीचं. "वैयक्तिक कारण" हे खोटं नाही, याच्याहून वैयक्तिक काय असते. पण माझं मत विचारशील तर खरं लिही, कारण दोन दिवसांनी तू सुजलेले डोळे घेऊन जाशील तेव्हा कोणीतरी विचारणारच. फक्त "घरात डेथ झाली" असं अर्धवट नको लिहू, ते खोट्याच्याच शेजारी राहते. असं लिही:

"सर, आमचा 11 वर्षांचा कुत्रा रविवारी रात्री गेला. मी आज आणि उद्या सीएल टाकत आहे. माझ्याकडच्या पेंडिंग केसेसची लिस्ट खाली दिली आहे. गुरुवारी शिफ्टला येते."

बस. "मिळेल का" नाही, "प्लीज समजून घ्या" नाही, तो मला मुलासारखा होता हे तर अजिबात नाही. तसं वाटत असेल, मलाही वाटलं होतं, पण टीएलला त्याच्यावर मत द्यायची जागाच ठेवायची नाही. त्याला फक्त दोन गोष्टी पाहिजे असतात, तू कधी येशील आणि तुझं काम कोण बघेल, आणि हे मी दुसऱ्या बाजूला बसून सांगते आहे, जो माणूस आपली लिस्ट देऊन जातो त्याच्या रजेचं कारण कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. हसला तर हसला. एकदा हसेल.

माझं मी काय केलं ते ऐक, म्हणजे हा शहाणपणा कुठून आला ते कळेल. आमचा भुऱ्या 2003 च्या पावसाळ्यात मानेवाड्याच्या घरी आला, नालीतून काढला होता, मुठीएवढा. मे 2015 मध्ये गेला. नागपूरचा मे तुला माहीत आहे, कूलर लागला की त्याची जागा ठरलेली, कूलरसमोर, ओल्या ताटीचा वास जिथे सगळ्यात जास्त येतो तिथे पोट लादीला टेकवून पडायचा, आम्हाला हवा लागू द्यायचा नाही. तो पहाटे गेला आणि मी साडेनऊला ऑफिसमध्ये होती. आमच्या तेव्हाच्या साहेबांना सांगितलं तर म्हणाले, कुत्राच होता ना, दुसरा आणा, आणि वर म्हणे पगाराचा आठवडा आहे. मी बसली. त्या दिवशी मी 40-45 लोकांचा ओव्हरटाइम एका ओळीने खाली सरकवून टाकला, म्हणजे याचा त्याला, त्याचा तिसऱ्याला, आणि ते बँकेत गेल्यावर कळलं. पुढचे 10 दिवस मी ते निस्तरून राहिली होती. कंपनीला माझी एक दिवसाची सुट्टी त्याहून स्वस्त पडली असती. हे मी तेव्हा बोलली नाही, नंतर स्वतः सही करायच्या खुर्चीवर आली तेव्हा लक्षात ठेवलं.

सगळ्यात वाईट मात्र ऑफिस नव्हतंच. संध्याकाळी घरी आली तर नणंदेने सगळं आवरून ठेवलं होतं, त्याची ताटली, साखळी, ज्या पोत्यावर झोपायचा ते पोतं साबण लावून धुऊन वाळत घातलेलं, आणि कूलरसमोर लादी कोरडी ठाक. चांगल्या मनानेच केलं तिने. मी तिला काही म्हणू शकली नाही.

आता तू लिहिलं आहेस की "लोक म्हणतील माणसासाठी कोणी एवढं करत नाही". कोणते लोक गं? माझे आजोबा काटोलकडचे, संत्र्याचा पट्टा, पण त्यांच्याकडे थोडी कोरडवाहू होती आणि एक बैलजोडी. त्यातला एक पोळ्याच्या आठवडाभर आधी गेला, साप चावला असावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे शेकतात, हळद-तूप लावतात आणि त्याला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या". आजोबांनी उरलेल्याचे खांदे शेकले, त्याला आवतन दिलं, आणि मग शेजारच्या रिकाम्या खुंट्यासमोर उभे राहून तेच परत म्हटलं. मी 7-8 वर्षांची होती, मला हसू आलं, आईने हात दाबला. आठ दिवस शेतात गेले नाहीत, गावातली माणसं येऊन ओट्यावर बसून जायची, कोणी म्हटलं नाही की बैलच होता ना. उलट चुलतआजी म्हणायची, "काऊन उठवता त्याले, बसू द्या". हे आपलंच आहे, फॉरेनचं फॅड नाही. कार्डाने दार उघडणाऱ्या ऑफिसात आल्यावर आपण विसरलो, बाकी काही नाही.

माझी भाची मानसशास्त्र शिकत होती, तिने सांगितलं की केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये याच्यावर लिहिलं आहे, ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख मानतच नाहीत ते जास्त रेंगाळते, कारण ते बाहेर काढायला जागा मिळत नाही. मी म्हटलं, आजोबांच्या ओट्यावर जागा होती.

दोन दिवसांचं काय करायचं तेही सांगते, आणि इथे माझं मत बाकीच्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. तीन रजा असतील तर तिन्ही आत्ता घालवू नको. पहिले दोन दिवस घरात गर्दी असते, कोणीतरी फोन करते, दफन करायचं असते, डॉक्टरचं बिल, उरलेल्या सलाईनच्या बाटल्या, त्यात वेळ जातो. खरा दिवस नंतर येतो, साधारण आठ-दहा दिवसांनी, जेव्हा सगळ्यांचं विचारणं बंद होते आणि तू पोळी करताना सवयीने एक जास्त लाटतेस. त्या दिवसासाठी एक रजा मागे ठेव. आणि टीएल वर्क फ्रॉम होम देतो म्हणाला तर दहादा विचार कर, तुझं दुःख त्या घरात आहे आणि तुला त्याच्यासमोरच लॅपटॉप उघडून बसावं लागेल.

तुझ्या बाबतीत साडेतीनचं गेट हे सगळ्यात कठीण आहे, हे तुझ्या लिहिण्यातच दिसते. गुरुवारी जाशील तेव्हा आईला किंवा भावाला सांग की पहिले चार-पाच दिवस गेटचा लाईट चालू ठेवा आणि कोणीतरी खाली या. लाजायचं नाही. अंधारात कुलूप उघडायला लागलं की तू तिथेच बसशील.

शेवटी तू ते लिहिलं आहेस ना, "मला आधी कळायला पाहिजे होतं". हे मी भुऱ्याच्या वेळी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात विचारलं होतं, त्यालाही किडनीचंच होतं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की कुत्र्याच्या रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसते तोपर्यंत किडनीचं साधारण 75 टक्के काम आधीच गेलेलं असते, तोवर तो जेवतो, शेपूट हलवतो, गेटवर येतो. पाणी जास्त पिणं आणि लघवी जास्त होणं ही सुरुवातीची खूण, आणि नागपुरात उन्हाळ्यात कुत्रा पाणी जास्त प्यायला तर कोणाला शंका येणार आहे? मला नाही आली. घरात दुसरं जनावर असेल, किंवा पुढेमागे आणशील, तर सात-आठ वर्षांनंतर दरवर्षी रक्त-लघवी तपासून घ्यायची, एवढंच त्यातून घेण्यासारखं आहे. बाकी जे तुला दिसलंच नाही त्याच्यासाठी स्वतःला फाडून खाऊ नको.

आणि झोप अजिबात लागत नसेल, किंवा नको ते विचार यायला लागले, तर सरकारची मानसिक आरोग्याची टेलि-मानस लाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही चालू असते, तुझ्या शिफ्टला तेच सोयीचं. कुत्र्यासाठी फोन केला म्हणून ते हसत नाहीत.

नवीन पिल्लू आणायचं का म्हणून घरचे विचारतील, याच आठवड्यात विचारतील, त्यांना दिवाळीनंतर बघू सांग. गब्बरचं उरलेलं किडनीच्या आजाराचं खाणं सीलबंद असेल तर डॉक्टरकडे देऊन टाक, दुसऱ्याच्या कामी येते, ते महाग असते.

मेसेज आत्ता पाठव, शिफ्टच्या दोन तास आधी नको, टीएलला बदली शोधायला वेळ पाहिजे. आणि गब्बरची गोधडी कुठे आहे? कोणी धुवायला टाकली असेल तर आधी घरी फोन कर, मेसेज मग.