भिंतीतल्या जुन्या टेलिफोन वायरवर फायबरचा फोन चालतो का?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या गंगापूर रोडच्या बंगल्यात तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं, राउटरच्या मागे फोन लावायला एकच जागा आहे, आणि हॉल, स्वयंपाकघर व वरच्या मजल्यावर आईंच्या खोलीत असलेले तिन्ही फोन जुन्याच वायरिंगवर चालवायचे आहेत. चालतात. आमच्या इंदिरानगरच्या घरात असेच तीन फोन चार वर्षांपासून चालू आहेत. कोणी भिंती फोडून नवीन वायर टाकायला सांगत असेल तर थोडं थांबा.

टोन एक्स्चेंजमधून आला की राउटरमधून, फोनला काही फरक पडत नाही. राउटरवर 'टेल' किंवा 'फोन' लिहिलेली जी जागा असते, ती म्हणजे तुमच्या घरापुरतं एक्स्चेंजच. फोन ठेवलेला असताना ती तारांवर साधारण ४८ व्होल्ट डीसी देते आणि रिंग वाजवायला एसी सोडते. त्यामुळे दोन्ही टोकांना पिन असलेली साधी फोनची कॉर्ड घ्यायची, एक टोक राउटरला, दुसरं जवळच्या रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीला. घरातले सगळे रोझेट एकमेकांना पॅरलल, म्हणजे त्याच दोन तारांवर, जोडलेले असतील तर टोन सगळीकडे पोहोचतो.

पण त्याआधी बाहेरून आलेली लाइन घरापासून तोडा. हे काम मी पहिल्या वेळी केलं नव्हतं. लाइन बंदच आहे, राहू दे तशीच, असं वाटलं. महिन्याभरात वळवाचा पाऊस आला, जवळच वीज कडाडली, आणि इंटरनेट चालू पण फोनला टोन नाही अशी अवस्था झाली. राउटरचं फोनचं पोर्ट जळालं होतं. खांबावरून येणारी ती वायर बंद असली तरी विजेचा झटका घरात आणतेच. आणि कागदोपत्री बंद झालेल्या लाइनवर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट अजून येत असतील तर दोन्हीकडचा पुरवठा एकमेकांवर येतो, त्यातही पोर्ट जाऊ शकतं. बाहेरची वायर जिथे घरात शिरते तो पहिला रोझेट उघडा. स्क्रूखाली बहुतेक दोन जोड्या दिसतील, एक बाहेरची, एक आत जाणारी. बाहेरच्या दोन्ही तारा काढून प्रत्येकीला वेगळी टेप लावा आणि डबीवर 'जोडू नये' असं लिहून ठेवा, म्हणजे उद्या कोणी मदत म्हणून परत जोडणार नाही. जुन्या ब्रॉडबँडचा स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी छोटी डबी) असेल तर तोही काढा, आता त्याचं काम नाही.

राउटर जोडण्याआधी सगळे फोन काढून मल्टिमीटरने दोन तारांमधला रोध बघा. तो खूप जास्त यायला हवा. कमी आला तर कुठेतरी ओल किंवा शॉर्ट आहे. आमच्याकडे गच्चीजवळचा पिळून केलेला जोड हिरवा पडला होता, तो कापून नवा केला आणि फोनमधली घरघर थांबली. (फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी: सोसायटीच्या इंटरकॉमच्या तारा कधी कधी त्याच पाइपमधून जातात, त्या यात मिसळू नका.)

बटणांचे तीन फोन सहज चालतात. खाली टोन-पल्सचं बटण असेल तर ते टोनवर ठेवा. गोल डायलचा जुना फोन असेल तर त्यावर आलेला फोन घेता येईल, पण नंबर लागेलच असं नाही, कारण बरेच राउटर पल्स, म्हणजे डायल फिरवल्यावर जाणारे ठोके, ओळखत नाहीत. त्याची घंटा रिंगचा भारही जास्त घेते. आणि तिन्ही फोन एकाच लाइनवर असल्यामुळे एक रिसीव्हर नीट ठेवला गेला नाही की तिन्ही अडकतात, हे आईंना सांगून ठेवा.

आईंसाठीच फोन हवा असेल तर विजेचा विचार आधी करा. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायची, म्हणून घरात अंधार असला तरी फोन लागायचा. आता राउटर बंद झाला की तिन्ही फोन मुके होतात, आणि रात्री एकट्या माणसाला फोनची गरज पडते ती नेमकी अशाच वेळी. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढ्याच व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे राउटरसाठीचा छोटा बॅटरी बॅकअप, घ्या. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात. फायबरची डबी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा. लावल्यावर मेन स्विच बंद करून आईंच्या खोलीतून एक फोन करून बघा.

जुना ०२५३ चा नंबर त्याच कंपनीच्या फायबरवर गेलात तर ठेवता येतो का ते अर्ज करतानाच विचारा. कंपनी बदलली तर मोबाइलसारखी पोर्टिंगची सोय लँडलाइनला नाही. आणि आईंच्या डायरीतल्या मोबाइल नंबरांच्या आधी शून्य लिहून द्या. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायला ते लागतंच, फायबरच्या फोनलाही.