आवाज-लाईटचं खेळणं: बॉडी कशाची, बटणं कशाची?

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी मिळून एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आवाज करणारं, लाईट लागणारं खेळणं बनवतोय. सर्किट रेडी आहे. मोल्डर (साच्यात प्लास्टिक ओतून पार्ट बनवणारा) म्हणतो सगळं एबीएस या कडक, चिवट प्लास्टिकमध्ये करा, प्लास्टिकचे दाणे विकणारा म्हणतो पॉलिस्टायरीन घ्या नाहीतर रिसायकल माल मिसळा, स्वस्त पडेल. बटणं मऊ पीव्हीसीची दाखवलीत. पण मुलं सगळंच तोंडात घालतात, मग फूड ग्रेड पीपी (पॉलिप्रॉपिलीन) का वापरू नये?

उत्तर: आख्खं खेळणं एकाच प्लास्टिकमध्ये बसवायचा हट्ट सोडा, प्रत्येक पार्टचं काम वेगळं असतं. बॉडीसाठी मोल्डर म्हणतो ते बरोबर आहे, एबीएसच घ्या. आपटलं तरी सहज फुटत नाही, स्क्रू नीट धरतं, अल्ट्रासोनिक वेल्डिंग (ध्वनिलहरींच्या कंपनाने पार्ट जोडणं) छान होतं, लेगोच्या विटा १९६३ पासून एबीएसच्याच आहेत. साधं पॉलिस्टायरीन मात्र अजिबात नको, ते फुटलं की काचेसारखे धारदार तुकडे पडतात.

पीपी वाईट नाही, रिंग किंवा चावायचा हँडल त्याचा करा. पण सर्किट असलेल्या बॉडीला ते त्रास देतं, रंग आणि गोंद धरत नाही, वेल्डिंग अवघड जातं, आणि थंड होताना १ ते २.५ टक्के आकसतं जिथे एबीएस ०.४ ते ०.७ टक्केच आकसतं, म्हणजे एबीएससाठी बनवलेल्या मोल्डमध्ये नंतर पीपी ओतलं तर झाकण आणि बॉडी जुळणारच नाही. म्हणून मोल्ड कापायच्या आधीच मटेरियल ठरवा.

आता बटणं. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ करायला प्लास्टिसायझर घालतात आणि ते पक्कं बांधलेलं नसतं, हळूहळू बाहेर येतं, मूल चोखतं तेव्हाही येतं. फ्थॅलेट जातीच्या प्लास्टिसायझरवर युरोप-अमेरिकेत खेळण्यांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा आहे ती यामुळेच. शिवाय मऊ पीव्हीसी एबीएसला चिकटून राहिलं की तेच प्लास्टिसायझर बॉडीत उतरतं, जागा चिकट होते आणि कधीकधी तडाही जातो. त्यापेक्षा सिलिकॉनचा कीपॅड घ्या, खालच्या बाजूला कार्बनची टिकली असते, तीच सर्किट जोडते. किंवा टीपीई (रबरासारखं मऊ प्लास्टिक) घ्या, पण एबीएसवर ओव्हरमोल्ड करायचं, म्हणजे त्यावरच थर ओतायचा असेल तर एबीएसला चिकटणारी ग्रेड मुद्दाम मागा, साधी टीपीई पीपीला धरते, एबीएसवरून सोलून निघते आणि तो तुकडा थेट तोंडात.

रिसायकल मालाबद्दल मी खूप कडक आहे. विशेषतः काळा माल. जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या बॉडीतलं प्लास्टिक त्यात येतं आणि त्याबरोबर आग रोखणारी ब्रोमीनची केमिकल्स येतात, अशी केमिकल्स खेळण्यांमध्ये सापडलेलीही आहेत. आपल्याच मशीनवरचे रनर (साच्याच्या वाटेत उरलेलं प्लास्टिक) दळून थोडे मिसळले तर ती वेगळी गोष्ट, तिथे माल कुठून आला ते आपल्याला माहीत असतं. आणि नुसत्या दाण्यांचा रिपोर्ट बघून समाधान मानू नका, शिसं आणि कॅडमियम रंगातून येऊ शकतं, त्यामुळे मास्टरबॅच (रंगाचे दाणे) घालून मोल्ड केलेल्या पार्टची टेस्ट करा, प्रत्येक रंगाची वेगळी.

सगळ्यात जास्त वेळ मात्र बॅटरीच्या दारावर घालवा. बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे शक्य असेल तर बटण सेल वापरूच नका, दार स्क्रूनेच उघडेल असं करा आणि स्क्रू दाराला अडकलेलाच राहू द्या. स्क्रू जातो त्या बॉसच्या (आतल्या पोकळ खांबाच्या) बुडाशी गोलाई द्या, आतला कोपरा धारदार राहिला की एबीएस तिथूनच तुटतं, मग ग्रेड कितीही भारी असू दे.

मोल्डमधून पहिले पीस आले की आपटून बघा. अमेरिकेच्या एएसटीएम एफ९६३ या खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकात दीड वर्षापर्यंतच्या मुलांचं खेळणं साधारण १३७ सेंमीवरून १० वेळा टाकतात, आणि सुटलेला तुकडा ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावला तर खेळणं नापास. टाकताना आत सेल घातलेले असू द्या, त्यांच्या वजनानेच दार निसटतं, आणि निसटलं तर प्लास्टिक बदलून भागणार नाही, दाराचं डिझाईनच नव्याने करावं लागेल.