वाचकांचे प्रश्न : वाय-फाय नसलेला गेम कन्सोल घरच्या नेटवर्कला कसा जोडावा?

प्रश्न : आमचे घर नागपूरच्या महाल भागात असून जुन्या पद्धतीचे, जाड भिंतींचे आहे. मावसभावाने त्याचा जुना पांढरा एक्सबॉक्स ३६० माझ्या मुलाला दिला. राउटर खालच्या बैठकीत आणि टीव्ही माडीवर आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून संगणकाला लावतात तो वाय-फाय डोंगल आणला, पण कन्सोलने त्याची दखलही घेतली नाही. भिंती फोडून तार न नेता दोन हजार रुपयांच्या आत काही जमेल काय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : जमेल, आणि बहुधा दोन हजारही लागणार नाहीत. डोंगल मात्र दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाकावा. २००५ साली बाजारात आलेल्या मूळ एक्सबॉक्स ३६०मध्ये वाय-फाय नव्हते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःचे वेगळे यूएसबी उपकरण काढले होते आणि कन्सोल तेवढेच ओळखतो. संगणकाच्या डोंगलला लागणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) या कन्सोलमध्ये घालण्याची सोयच नाही. २०१० साली आलेल्या सडपातळ ‘३६० एस’पासून वाय-फाय आतच बसवलेले असते, पण आपला पांढरा, कंबरेत आत गेलेला कन्सोल त्याआधीचा दिसतो.

खर्चात पडण्यापूर्वी एक विचार करावा. या कन्सोलचे ऑनलाइन दुकान मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०२४ रोजी बंद केले, त्यामुळे त्यावर आता नवे खेळ विकत घेता येत नाहीत. आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवता येतात आणि ज्यांचे सर्व्हर अजून चालू आहेत ते खेळ इतरांबरोबर ऑनलाइन खेळता येतात. मुलाला डिस्कवरचे खेळ एकट्यानेच खेळायचे असतील, तर जोडणीवाचून काहीही अडत नाही.

तरीही जोडणी हवी असेल, तर कन्सोलच्या मागच्या लॅन पोर्टचा (नेटवर्कची तार लावण्याच्या खाचेचा) उपयोग करावा. कन्सोलला वाय-फाय शिकवत बसण्याऐवजी वाय-फाय येणारे दुसरे एखादे स्वस्त उपकरण त्याच्या शेजारी ठेवून दोघांना हातभर लॅन केबलने जोडले, की आपण तारेनेच नेटवर्कला लागलो आहोत अशी कन्सोलची समजूत होते. असे उपकरण आपल्या माळ्यावर पडलेलेही असू शकते. इंटरनेटची कंपनी बदलताना नवा राउटर मिळतो आणि जुना खोक्यात जातो, हे बहुतेक घरांत घडलेले असते. त्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये ‘क्लायंट’, ‘ब्रिज’ किंवा ‘रिपीटर’ असा मोड आहे का, ते आधी पाहावे. टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या मॉडेम-राउटरमध्ये तो सहसा नसतो.

मोड असेल तर राउटर रीसेट करून केबलने लॅपटॉपला जोडावा, त्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये उघडावा, मोड बदलून घरचे वाय-फाय निवडावे आणि त्याचा पासवर्ड द्यावा. मुख्य राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ सुरक्षा लावलेली असेल, तर जुन्या राउटरला ती कळणार नाही. तेथे डब्ल्यूपीए२ चालू ठेवावे. जुन्या राउटरचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवून त्याचे डीएचसीपी बंद करावे, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकाच राउटरकडे राहील. कन्सोलची केबल लॅन पोर्टमध्येच घालावी. वेगळ्या रंगाच्या, बाहेरून इंटरनेटची तार येते त्या वॅन पोर्टमध्ये ती घालून तासभर डोके खाजवण्याचा अनुभव प्रस्तुत लेखकानेही घेतला आहे. शेवटी कन्सोलच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘वायर्ड नेटवर्क’ निवडून जोडणी तपासावी.

माळ्यावर काही सापडले नाही, तर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन लॅन पोर्ट असलेला साधा वाय-फाय एक्स्टेंडर घ्यावा. साधारण हजार-दीड हजारात तो मिळतो. पोर्ट आहे याची खात्री खोके उघडून करावी, कारण सर्वांत स्वस्त एक्स्टेंडरमध्ये तोच गाळलेला असतो. एक्स्टेंडरने वेग निम्मा होतो, अशी तक्रार आपण ऐकली असेल. एकाच रेडिओने संदेश घ्यायचा आणि त्यानेच तो पुढे हवेत सोडायचा, म्हणून तसे होते. आपल्याकडे पुढचा टप्पा तारेचा असल्याने कन्सोलपुरता हा तोटा होत नाही.

जागेची निवड मात्र मनापासून करावी. जाड विटांची भिंत लहरींना अडवते, पण जिन्याची मोकळी जागा त्यांना वाट देते. म्हणून माडीवर जिन्याच्या तोंडाशी उपकरण ठेवून तेथून टीव्हीपर्यंत केबल न्यावी. शिवाय उन्हाळ्यात कूलर आडवा येतो. त्याचा पत्रा लहरी परतवतो आणि टाकीतले पाणी त्या शोषते, त्यामुळे मार्चपर्यंत उत्तम चाललेली जोडणी एप्रिलमध्ये रडू लागते आणि आपण दोष देतो राउटरला. दोन्ही उपकरणांच्या मधल्या रेषेत कूलर येणार नाही, एवढे आधीच पाहून घ्यावे.

फुकटचा मार्गही आहे. लॅन पोर्ट असलेला विंडोज लॅपटॉप वाय-फायवर ठेवून त्याच्या वाय-फाय जोडणीच्या ‘शेअरिंग’मध्ये इंटरनेट वाटून देता येते. पण खेळ चालेल तोवर लॅपटॉप चालू ठेवावा लागतो आणि नॅटचा (नेटवर्कचे पत्ते बदलून देणाऱ्या यंत्रणेचा) आणखी एक पडदा मध्ये आल्याने मित्रांशी बोलणे किंवा त्यांच्या खेळात शिरणे कधीकधी अडते. चाचणीपुरता हा उपाय ठीक आहे.

प्रश्न : माझ्या मोबाइलला घरच्या वाय-फायची दोन नावे दिसतात, परंतु जुन्या प्लेस्टेशन ४ला ‘५जी’ हे नाव दिसतच नाही. वेगळा अडॅप्टर घ्यावा का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : घेऊ नये. येथील ‘५जी’चा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही, तो वाय-फाय लहरींचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आहे. २०१३चा मूळ प्लेस्टेशन ४ फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, ५ गिगाहर्ट्‌झ २०१६च्या स्लिम आणि प्रो मॉडेलांपासून आले. दुसऱ्या नावाला जोडावे आणि शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असल्यास चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो निवडावा. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील, तर दोन-तीन मीटरची लॅन केबल आणावी. प्लेस्टेशनच्या मागे तिच्यासाठी पोर्ट आहेच.