सात वाजले की पिल्लाच्या अंगात येतं

"मॅडम, संध्याकाळचे सात वाजले की याच्या अंगात येतं. मुलगी सोफ्यावरून खाली पाय ठेवत नाही." ठाण्यातल्या एका आईची ही तक्रार. घरात अकरा आठवड्यांचा जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा, आठ वर्षांची लेक, तिच्या पोटऱ्यांवर ओरखडे आणि फ्रॉकचा घेर फाटलेला. हा मोठा झाल्यावर चावरा निघेल का, ही त्यांची खरी धास्ती.

आधी ओरखड्यांचं. या वयात रेबीजची लस सहसा झालेली नसते. कातडी फुटली तर जखम 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. आपलंच पिल्लू आहे म्हणून अंगावर काढायचं नाही. मुलीला त्या दिवशी तसंच नेलं.

आता चावरेपणाचं. पिल्लू जग तोंडानेच चाचपतं. त्याचे 28 दुधाचे दात सुईसारखे असतात. तीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवत राहतात. त्यात ही जात इंग्लंडमध्ये कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी तयार केलेली. पळती टाच दिसली की हे पिल्लू मागे लागणारच. यात राग नसतो.

खरी गोम मात्र दिनक्रमात होती. तीन दिवस वहीत लिहायला सांगितलं: कधी झोपलं, कधी उठलं, कधी चावलं. झोप भरली जेमतेम 12 तास. या वयाला 18 ते 20 लागतात. बाबा ऑफिसातून आले की "दमलं की झोपेल" म्हणून गुळगुळीत फरशीवर तासभर चेंडू फेकायचे. पिल्लू दमायचं, पण झोपायचं नाही. झोपेला आलेलं तान्हं बाळ जसं किरकिरतं, तसं हे चावत सुटायचं.

म्हणून व्यायाम वाढवला नाही, कमी केला. तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप. झोपायला पिंजरा, अर्धा चादरीने झाकलेला, वर्दळीपासून लांब. साडेसहाला चेंडूऐवजी रोजच्या खाण्यातलेच मूठभर दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून द्यायचे. हुंगून शोधण्यात दहा मिनिटं जातात आणि डोकं शांत होतं. पाठलागाची हौसही भागवायला हवी: मीटरभर काठी, तिला दोरी, टोकाला चिंधी. ती जमिनीलगतच फिरवायची, उडी मारायला लावायचं नाही. पाचच मिनिटं, आणि मधे मधे "सोड" म्हणून दाणा द्यायचा.

दात लागले की हात झटकू नये. झटकलेला हात म्हणजे पळणारा उंदीर. हात सैल, स्थिर ठेवायचा, दुसऱ्या हाताने दोरीचं खेळणं पुढे करायचं. तरी सोडलं नाही तर न बोलता खोलीच्या दारातल्या बुटक्या फाटकापलीकडे जायचं, 20 सेकंदांनी परत यायचं. त्याहून जास्त वेळ गेला तर आपण का गेलो हे त्याला कळत नाही. "आई गं" ओरडल्याने काही पिल्लं थबकतात, टेरियर बहुधा आणखी चेकाळतात. नाकावर टिचकी, तोंड दाबून धरणं, उताणं पाडणं, हाताला मिरची लावणं हे सगळं बंद. त्यातून पिल्लू हाताला घाबरतं, आणि घाबरलेला कुत्रा खरंच चावतो.

पहिले चार दिवस चावणं वाढलं. आजी म्हणाल्या, "हे काही खरं नाही." पूर्वी चावलं की गंमत व्हायची, ती बंद झाल्यावर पिल्लू आधी जास्त जोर लावून बघतं. नेमकं इथेच बहुतेक घरं माघार घेतात. यांनी नेट धरला. तिसऱ्या आठवड्यात वहीत झोप 17 तासांवर आली आणि सातच्या रकान्यात "टॉवेल, मग झोपला" असं लेकीच्या अक्षरात होतं.

मात्र वाडग्याजवळ कुणी गेलं की अंग ताठ होणं, नजर रोखून गुरगुरणं, एखादी जागा दाबली की चावणं, हा खेळ नव्हे. तिथे वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.