साठ लाखांची गाडी आणि तुमच्या कमाईची तीन वर्षे

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज औद्योगिक वसाहतीत माझा यंत्रभाग बनवण्याचा मालकी हक्काचा कारखाना आहे. वय ४३. गेल्या तीन वर्षांतील करपात्र नफा अनुक्रमे १९, ३१ आणि ४६ लाख रुपये. दोनतृतीयांश काम एकाच मोठ्या ग्राहकाकडून येते. पत्नी शिक्षिका आहे, तिच्या हाती महिना ६५,००० रुपये येतात. मुलगी अकरावीत असून तिला वैद्यकीय शाखेकडे जायचे आहे. मुलगा सहावीत आहे. घरकर्ज ३२ लाख शिल्लक, हप्ता ३८,०००, घरखर्च ९०,०००, एसआयपी ४०,०००. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलता येणारे कर्ज) खात्यातून ३५ लाख साडेदहा टक्क्यांनी वापरात आहेत. मुदत ठेवी २८ लाख. एक्स-शोरूम ६० लाखांची पेट्रोलवर चालणारी जर्मन सेडान घेण्यासाठी १ लाख भरून नोंदणी केली आहे. २० लाख ठेवींतून आणि ५० लाख कर्जाने उभे करायचे आहेत. माझे वडील याच वसाहतीत टर्नर होते आणि सायकलवर कामाला जात. त्यांना या गाडीतून पैठणला न्यायचे आहे. अशा गाडीसाठी नेमके किती उत्पन्न पुरेसे समजावे?

उत्तर : तुमचा प्रश्न आकड्याचा आहे, म्हणून आधी आकडा सांगतो. कर भरून घरात येणारे एका वर्षाचे उत्पन्न गाडीच्या ऑन-रोड किमतीइतके असावे, आणि ते एका चांगल्या वर्षाचे नसून तीन वर्षांच्या सरासरीचे असावे, अशी मर्यादा मी धंदा करणाऱ्या कुटुंबांसाठी धरतो. तुमची गाडी रस्त्यावर येईपर्यंत ७० लाखांची होते. वर्षाला ७० लाख हाती यायचे, तर एकट्याच्या नावावरील करपात्र उत्पन्न सध्याच्या नव्या करप्रणालीत, अधिभार आणि उपकर धरून, सुमारे एक कोटी रुपये असावे लागते. तुमच्या कुटुंबाची करोत्तर सरासरी, तुमचा नफा आणि पत्नीचा पगार एकत्र करून, सुमारे ३४ लाख येते. त्यामुळे ही गाडी आज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही मर्यादा कुठून आली आणि तुमच्या बाबतीत ती सैल का करता येत नाही, हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण शोरूममध्ये आणि बँकेत तुम्हाला याच्या उलट सांगितले गेले असणार.

सत्तर लाख कसे होतात ते पाहू. साठ लाखांवर महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के वाहनकर लागतो, म्हणजे ७ लाख ८० हजार. पहिल्या वर्षाचा विमा आणि किरकोळ खर्च मी २ लाख २० हजार धरले आहेत. एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) वेगळा भरावा लागतो, पण तो विवरणपत्रात वळता होतो म्हणून मोजलेला नाही. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील उपकर जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी झाला, त्यामुळे अशा गाड्या पूर्वीपेक्षा स्वस्त झाल्या हे खरे. तरीही साठ लाखांच्या किमतीत सुमारे १७ लाख जीएसटीचेच आहेत. त्यात वाहनकर मिळवला की जवळजवळ २५ लाख रुपये हा निव्वळ कर होतो, आणि गाडी विकताना त्याचा परतावा कोणी देत नाही. अनेक कारखानदारांचा समज असतो की या जीएसटीची वजावट धंद्यात मिळेल. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनांवर, ती विकण्याचा, भाड्याने चालवण्याचा किंवा वाहन प्रशिक्षणाचा व्यवसाय असल्याखेरीज, ती मिळत नाही.

आता पाच वर्षांचा हिशेब. विमा कंपन्या गाडीचे घोषित मूल्य ठरवण्यासाठी जो तक्ता वापरतात, त्यात पाच वर्षे पूर्ण होताना मूल्य निम्म्यावर येते. म्हणजे साठाचे तीस. प्रत्यक्ष बाजारात त्याहूनही कमी मिळू शकते, पण आपण तीसच धरू. सत्तरातून तीस वजा जाता ४० लाख गेले. पन्नास लाखांच्या कर्जाचा नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी महिन्याचा हप्ता १,०३,८०० रुपये येतो आणि एकूण व्याज १२ लाखांवर जाते. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवली, लिटरला दहा किलोमीटर आणि पेट्रोलचा दर १०५ रुपये धरला, तर वर्षाचे सव्वा लाख इंधनाचे. दुसऱ्या वर्षापासूनचा विमा दीड लाख, आणि सर्व्हिसिंग, टायर, किरकोळ दुरुस्ती यांसाठी वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बाजूला ठेवलेच पाहिजेत. या तिन्ही बाबींचे पाच वर्षांत सुमारे १८ लाख होतात. सगळे मिळून सुमारे ७० लाख, म्हणजे महिन्याला १ लाख १७ हजार. कुटुंबाच्या करोत्तर उत्पन्नाचा पाचवा हिस्सा यापेक्षा कमी पडू नये, असे मी मानतो. त्यावरूनच वर्षाच्या ७० लाखांची मर्यादा आली. अमेरिकेत प्रचलित असलेला २०-४-१०चा ठोकताळा याहून कडक आहे : वीस टक्के रोख, चार वर्षांचे कर्ज, आणि गाडीवरचा सगळा खर्च करपूर्व उत्पन्नाच्या दहा टक्क्यांत. मी तो जसाच्या तसा लावत नाही, पण तो लावला असता तर तुमचे उत्तर आणखी दूर गेले असते.

यापुढचा भाग तुम्ही विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी माझी विनंती आहे. पत्रात तुम्ही ४६ लाखांचे वर्ष शेवटी लिहिले आहे आणि मनात तेच धरून गाडी पसंत केली आहे. त्या वर्षाचा कर जाता पत्नीच्या पगारासह घरात महिन्याला सुमारे ३ लाख ६५ हजार येतात. घरखर्च, घरकर्ज आणि एसआयपी मिळून १ लाख ६८ हजार जातात. उरलेल्या १ लाख ९७ हजारांत गाडीचा हप्ता आणि चालवण्याचा खर्च, मिळून १ लाख ३४ हजार, आरामात बसतो. पण तीन वर्षांची सरासरी घेतली, तर घरात २ लाख ८४ हजार येतात आणि गाडी दर महिन्याला सतरा-अठरा हजारांनी तोट्यात जाते. आणि १९ लाखांचे वर्ष पुन्हा आले, तर घरात २ लाख ८ हजार येतात, ठरलेले खर्च भागून ४० हजार उरतात आणि गाडी मागते १ लाख ३४ हजार. महिन्याला ९४ हजारांची, वर्षाला ११ लाखांहून अधिक तूट. सगळ्या एसआयपी थांबवल्या, तरी ५४ हजार कमी पडतात. ते वर्ष फार जुने नाही, तीन वर्षांच्या आतले आहे, आणि तुमचे दोनतृतीयांश काम ज्या एका ग्राहकाच्या हाती आहे, त्याने एक मॉडेल बंद केले किंवा भागांचा दुसरा पुरवठादार उभा केला, तरी ते परत येऊ शकते.

त्यातच ठेवींचा प्रश्न आहे. २८ लाखांतून २० काढल्यावर ८ लाख उरतात. गाडी आल्यावर घराचा दरमहा भार ३ लाखांवर जाईल, म्हणजे हे आठ लाख तीन महिनेही पुरणार नाहीत. सूक्ष्म व लघू उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत असा कायदा असला, तरी प्रत्यक्षात देयके किती दिवसांनी येतात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. कारखाना मालकी हक्काचा असल्याने धंद्याचे देणे आणि घराचे देणे कायद्याच्या दृष्टीने एकाच माणसाचे आहे. सीसी थकली तर बँक तुमच्याच दाराशी येईल. याच वीस लाखांनी सीसीची वापरलेली रक्कम ३५ वरून १५ लाखांवर आणली, तर वर्षाला २ लाख १० हजार रुपये व्याज वाचते आणि मोकळी झालेली मर्यादा मंदीच्या महिन्यांत पगार भागवायला हाताशी राहते. त्या पैशाचा यापेक्षा चांगला उपयोग मला आज तरी दिसत नाही.

घसाऱ्यातून, म्हणजे गाडीच्या घटत्या मूल्यापोटी नफ्यातून मिळणाऱ्या वजावटीतून, कर वाचतो असे तुम्हाला सांगितले जाईल. हा मुद्दा खरा आहे, पण तो किती वाचतो ते मोजायला हवे. मोटारीवर घटत्या शिलकीने वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो आणि गाडी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच मिळतो. पहिल्या वर्षी पूर्ण घसारा मिळाला असे धरले, तरी वाहनकरासह ६८ लाखांवर पाच वर्षांत मिळून सुमारे ३८ लाखांची वजावट होते आणि तुमच्या सर्वांत वरच्या दराने करबचत १२ लाखांच्या आत राहते. तीही गाडी संपूर्णपणे धंद्यासाठी वापरली तर. पैठणची वारी, मुलांची शाळा आणि लग्नकार्ये यांचा हिस्सा वगळावा लागतो. निम्मा वापर घरगुती असेल तर बचत सहा लाखांवर येते. शिवाय १९ लाखांसारख्या वर्षात तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यातच नसता, त्यामुळे बचत आणखी घटते. व्याज आणि पेट्रोल यांनाही हाच न्याय लागतो. शंभर रुपये खर्चून एकतीस वाचतात, उरलेले एकोणसत्तर तुमचेच जातात. पुढेमागे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून गाडी तिच्या नावावर घ्यावी असे कोणी सुचवले, तर कंपनीच्या नावावर महाराष्ट्रात वाहनकर २० टक्के लागतो, हे आधी विचारात घ्या. साठ लाखांवर तो ४ लाख २० हजारांनी जास्त पडतो.

शोरूममधून कदाचित ७२ हजारांच्या हप्त्याची योजनाही पुढे येईल, ज्यात पाच वर्षांनी २४ लाखांचा एक मोठा हप्ता भरायचा किंवा गाडी परत द्यायची असते. त्याच नऊ टक्क्यांनी हिशेब केला, तर या योजनेत व्याज १२ ऐवजी १७ लाखांवर जाते, कारण मुद्दल सावकाश फिटते. हप्ता हलका दिसतो म्हणून गाडी आवाक्यात आली, असे कृपया समजू नका.

ऑक्टोबर २०१० मध्ये तुमच्याच शहरातील मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या सुमारे ६५ कोटींना घेतल्या, ही गोष्ट तुमच्या वसाहतीत आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान योग्य आहे. एकेकट्याने न जाता गट करून सौदा करणे हे व्यापारी शहाणपणाचे होते. मात्र त्या दीडशे खरेदीदारांच्या ताळेबंदात काय होते, ते आपल्यापुढे नाही. तुमच्या ताळेबंदात काय आहे, ते आहे. त्यातली सर्वांत जवळची मोठी गरज मुलीची आहे. शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर खर्च पेलण्याजोगा असेल, पण खासगी अभिमत विद्यापीठात एमबीबीएसचा खर्च एक कोटीच्या वर जाऊ शकतो, आणि हा निर्णय दोन वर्षांच्या आत तुमच्यासमोर येईल. गाडीचे कर्ज तेव्हा निम्मेही फिटलेले नसेल आणि शैक्षणिक कर्ज देताना बँक तुमचे चालू हप्ते मोजेल. निकाल लागल्यावर त्या मुलीला पैशांचे कारण सांगण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मग वडिलांचे काय? तुमच्या पत्रातील तो उल्लेख मी अनेकदा वाचला. सायकलवर वसाहतीत जाणाऱ्या टर्नरचा मुलगा त्याच वसाहतीत कारखाना चालवतो, ही तुमच्या दोघांची कमाई आहे, आणि ती साजरी करण्याची इच्छा कोणत्याही तक्त्यात बसत नसली तरी तिला किंमत आहे. वडिलांच्या वयाच्या माणसासाठी पाच वर्षे थांबा, हा सल्ला देणे मला बरोबर वाटत नाही. म्हणून माझा पर्याय असा : ऑन-रोड ३४ लाखांच्या आतली, मागची बैठक ऐसपैस आणि चढण्या-उतरण्यास सोपी असलेली नवी गाडी यंदाच घ्या. १२ लाख ठेवींतून आणि २२ लाख कर्जाने घेतली, तर हप्ता सुमारे ४५,७०० आणि चालवण्याचा खर्च १७ हजारांच्या आसपास, एकूण ६३ हजार. सरासरी वर्षात ती सहज पेलते, आणि वाईट वर्षात काही महिने एसआयपी थांबवून निभावता येते. ठेवींत १६ लाख उरतात, त्यांतले सहा लाख सीसीत भरा आणि दहा घराच्या अडचणीसाठी राहू द्या. अशी गाडी घेतली तर सीसीत वीस लाख भरता येणार नाहीत, हे मी मान्य करतो. वडिलांचे वय पाहता ही तडजोड मी स्वतः केली असती.

तीन-चार वर्षे वापरलेली तीच जर्मन सेडान ३६ लाखांच्या आसपास मिळेल, असे तुम्हाला सुचेल. मला तो पर्याय दुय्यम वाटतो. खरेदीची किंमत उतरते, पण सुटे भाग आणि सर्व्हिसिंग साठ लाखांच्या गाडीच्याच दराने राहतात आणि कंपनीची मूळ वॉरंटी बहुधा संपलेली असते. घ्यायचीच असेल, तर अधिकृत सेवा केंद्रातील पूर्ण नोंदी आणि वाढीव वॉरंटी असलेली, महाराष्ट्रातच नोंदलेली गाडी पाहा. दिल्लीकडून स्वस्तात आणलेल्या गाडीला ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील वाहनकर पुन्हा भरावा लागतो, त्यात स्वस्ताई बरीचशी विरते.

नोंदणीचे एक लाख अजून गुंतलेले आहेत. शोरूमच्या नोंदणी अर्जावरील रद्द करण्याच्या अटी आजच वाचा, आणि गाडीचे बिल तुमच्या नावावर निघण्यापूर्वी रद्द करण्याचे पत्र लेखी देऊन त्याची पोच घ्या. ३४ लाखांच्या आतील गाडी ठरवताना वडिलांना सोबत न्या आणि मागच्या आसनावर त्यांनाच बसवून पाहा. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीच्या यात्रेला, ती गाडी पैठणला जाऊ शकेल.